वाणीची पारख : वाचापरीक्षेचा इतिहास आणि वऱ्हाडची बोली



मराठी माणसाने वाणीतल्या व्यंगांना फार पूर्वीच नावे देऊन ठेवली आहेत. ज्याचे उच्चार नीट वठत नाहीत तो बोबडा. जो बोलता बोलता अडखळतो तो तोतरा. ज्याचा आवाज फाटला तो घोगरा. ज्याचे बोलणे नाकातून येते तो गेंगाणा. ज्याला ऐकू येत नाही तो बहिरा, आणि जो बोलतच नाही तो मुका. आज वाचोपचाराच्या शास्त्रात उच्चार, प्रवाह, आवाज, अनुनाद, श्रवण आणि भाषा असे जे विभाग पाडतात ते पाहिले, म्हणजे आपल्या आजीने केलेले वर्गीकरण फारसे चुकले नव्हते असेच म्हणावे लागते. चुकले ते पुढे. आजीने नाव दिले, आणि गावाने त्या नावाचे आडनाव करून टाकले. तोतऱ्याचा ‘तोतऱ्या’ झाला, आणि ‘हे असे का झाले, आणि काय केले असता सुधारेल’ हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. नाव ठेवणे आणि परीक्षा करणे यांत जे अंतर आहे, त्या अंतराचा इतिहास मला आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

मी वैद्य नव्हे. जिन, प्रेस आणि हमालांच्या संघटनेत आयुष्य गेलेला मी माणूस. शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयात आणि कामगारांच्या अर्जांवर. परंतु संघटनेच्या कामाचे निम्मे भांडवल बोलणे हेच असते. ज्याला बोलता येत नाही त्याची मजुरी कशी कापली जाते, हे मी तीस वर्षे पाहत आलो आहे. म्हणूनच या विषयाकडे वळलो.

उच्चार कोठून निघतो याचा विचार या देशात फार प्राचीन आहे. शिक्षाग्रंथ आणि प्रातिशाख्ये रचणाऱ्यांनी मुखातल्या प्रत्येक स्थानाचा हिशेब मांडला. त्याचे फळ आपण पहिलीच्या वर्गात घोकतो. ‘क’पासून ‘म’पर्यंतच्या पाच ओळी म्हणजे कंठापासून ओठापर्यंतचा प्रवास आहे. कंठ, टाळू, मूर्धा, दात, ओठ. इंग्रजी मुळाक्षरांना असा क्रम नाही. एकोणिसाव्या शतकात युरोपातील पंडितांनी संस्कृत व्याकरणाचा अभ्यास केला तेव्हा हे ज्ञान त्यांच्याही उपयोगी पडले. परंतु हे शास्त्र वेदपाठ शुद्ध राहावा म्हणून निर्माण झाले होते. ज्याची जीभ वळत नाही त्याची जीभ वळवावी हा त्याचा हेतू नव्हता, आणि ज्या घरांतून हे ज्ञान पोहोचले ती घरेही मोजकीच होती.

वाणीच्या परीक्षेची आधुनिक कहाणी युरोपात सुरू होते, आणि तिचा पहिला मान एका गाणे शिकविणाऱ्या शिक्षकाकडे जातो. मान्युएल गार्सिया हा गायनशिक्षक. १८५४ साली त्याने दंतवैद्याचा छोटा आरसा घशाशी धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडला, आणि स्वतःच्या स्वरतंतूंची हालचाल डोळ्यांनी पाहिली. पुढच्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचे निवेदन सादर झाले. घोगरा आवाज आता नुसता ऐकावयाचा राहिला नाही, तो पाहताही येऊ लागला.

दुसरा टप्पा १८६१ सालचा, पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयातला. तेथे लबोर्न्य नावाचा एक रोगी अनेक वर्षे पडून होता. धंद्याने तो बुटांचे लाकडी फर्मे बनविणारा कारागीर. काहीही विचारले तरी त्याच्या तोंडून ‘तान’ एवढाच शब्द निघे, म्हणून सारे रुग्णालय त्याला ‘तान’ म्हणूनच ओळखी. पाहा, पॅरिस काय आणि आपले गाव काय, व्यंगाचे नाव माणसाला चिकटावयाचेच! पॉल ब्रोका या शस्त्रवैद्याने त्याला विचारले की तू येथे किती वर्षे आहेस? त्याने हाताचा पंजा चार वेळा उघडला आणि वर एक बोट दाखविले. एकवीस वर्षे! उत्तर बरोबर होते. म्हणजे प्रश्न कळला होता, हिशेब करता येत होता, आठवण शाबूत होती. गेली होती ती फक्त बोलण्याची शक्ती. थोड्याच दिवसांत तो वारला, आणि मेंदूच्या डाव्या अर्धगोलाच्या पुढील भागात ब्रोकाला इजा आढळली. १८७४ साली कार्ल व्हेर्निके याने याच्या उलट प्रकार दाखविला. त्याचे रोगी भराभर बोलत, पण बोलण्यात अर्थ नसे आणि दुसऱ्याचे बोलणे त्यांना उमगत नसे. आज ‘वाचाघात’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकाराच्या परीक्षेचा पाया या दोघांनी घातला. बोलता येते का, समजते का, ऐकलेले पुन्हा म्हणता येते का, आणि वस्तूचे नाव सांगता येते का, हे चार प्रश्न वेगवेगळे विचारावयाचे, हा तो पाया.

ब्रोकाचे नाव मेंदूच्या त्या भागाला मिळाले. त्या कारागिराच्या पाच बोटांचे उत्तर मात्र मला अधिक मोलाचे वाटते. रोग्याला बोलता येत नसेल तर त्याला दुसऱ्या रीतीने उत्तर देण्याची संधी द्यावयाची, हा साऱ्या परीक्षेचा आत्मा त्या एका प्रसंगात आहे.

पुढे दोन महायुद्धे झाली. डोक्याला गोळी लागलेले हजारो तरुण सैनिक वाचा गमावून परत आले. सोव्हिएत रशियात अलेक्झांडर लूरिया याने अशा जखमी सैनिकांसाठीच्या रुग्णालयात काम करून परीक्षेच्या आणि उपचाराच्या पद्धती बसविल्या. अमेरिकेत १९२५ सालीच या व्यवसायाची संघटना उभी राहिली होती. युद्धानंतर ती झपाट्याने वाढली. आपल्याकडे १८८० च्या दशकात मुंबईत बिशप लिओ म्यूरिन यांनी मूकबधिरांची शाळा काढली होती. परंतु वाचा आणि श्रवण यांची परीक्षा करणारे तज्ज्ञ घडविण्याचे काम सुरू व्हावयास १९६० चे दशक उजाडावे लागले. मुंबईच्या नायर रुग्णालयात आणि १९६५ मध्ये स्थापन झालेल्या म्हैसूरच्या अखिल भारतीय वाक्‌श्रवण संस्थेत ते सुरू झाले. १९८३ साली मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था निघाली, आणि १९९२ च्या पुनर्वसन परिषद कायद्याने या व्यवसायाला नोंदणी आली. म्हणजे आपल्या देशात हे शास्त्र एका माणसाच्या आयुष्याएवढेच जुने आहे.

आता ही परीक्षा करतात तरी कशी? तिचा क्रम समजून घेतला तर पुष्कळ गैरसमज दूर होतील.

पहिली गोष्ट, तक्रार ऐकून घेणे. मूल केव्हा रडले, केव्हा बसले, पहिला शब्द केव्हा काढला, घरात कोणकोणत्या भाषा बोलतात, कानातून कधी पू वाहिला का, हे सारे आईकडून समजून घ्यावे लागते. साधारणपणे वर्षाच्या आसपास पहिला शब्द येतो, दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडते, आणि चौथ्या वर्षी परक्या माणसालाही त्याचे बोलणे बहुतांशी कळते. यात मागेपुढे होते, हे खरे. पण ‘याचा मामाही उशिराच बोलला होता’ असे म्हणत आणि वेखंड उगाळून चाटवीत तीन-चार वर्षे घालविणे, हे मुलाचे नुकसान आहे. भाषा शिकण्याचा तोच मोसम असतो. आणि पेरणीचा मोसम गेल्यावर काय होते ते वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला मी सांगावयास नको.

दुसरी गोष्ट, कान. बोलण्याची परीक्षा कानाच्या परीक्षेवाचून अपुरी असते. ज्याला आपण ‘मुका’ म्हणतो त्याचा घसा बहुधा ठणठणीत असतो. त्याने शब्द ऐकलेलाच नसतो, मग तो बोलणार काय? मूक आणि बधिर हे दोन शब्द आपण एका दमात जोडले, पण त्यांतला पहिला हा दुसऱ्याचा परिणाम आहे, हे कळावयास जगाला शतके लागली.

तिसरी गोष्ट, तोंड. ओठ मिटतात का, जीभ वर-बाजूला वळते का, टाळू फाटलेली आहे का, ‘आ’ म्हणताना पडजीभ वर उचलली जाते का, हे पाहतात. मग ‘प-त-क, प-त-क’ असे भरभर म्हणावयास सांगतात. का? तर ‘प’ला ओठ, ‘त’ला जिभेचे टोक आणि ‘क’ला जिभेचे मूळ लागते. तिन्ही कामगार आपापल्या पाळीवर वेळेवर येतात की नाही, याची ती हजेरी आहे. सारी दुनिया ही चाचणी घेते. आपल्या वर्णमालेतल्या तीन ओळींची ती तीन अक्षरे आहेत.

चौथी गोष्ट, उच्चार. चित्रे दाखवून शब्द म्हणवून घेतात आणि प्रत्येक वर्ण तपासतात. मुलाने एकाऐवजी दुसरा वर्ण घातला, गाळला, बिघडविला की जास्तीचा जोडला, याची नोंद होते. मग तज्ज्ञ म्हणतो, ‘माझ्या तोंडाकडे पाहा, ऐक, आणि पुन्हा म्हण.’ नुसते दाखविल्याने उच्चार सुधारला तर आशा अधिक. परीक्षा ही केवळ दोष मोजण्याची रीत नव्हे. काय सुधारेल ते शोधण्याचीही रीत आहे.

याशिवाय आवाज किती वेळ टिकतो, फाटतो का, श्वास निसटतो का, हे पाहतात. तोतरेपणात किती अक्षरे अडली, ती पुन्हा पुन्हा आली, लांबली की पार अडकून बसली, हे मोजतात. शिवाय साहेबापुढे अडखळणारा माणूस लेकराशी बोलताना अडखळतो का, हेही विचारतात. लहानपणी अडखळणारी बरीचशी मुले पुढे आपोआप मोकळी होतात. कोणती होणार नाहीत ते ओळखणे हेच परीक्षेचे काम. आणि शेवटी, जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली जी नवी दृष्टी दिली तिच्याप्रमाणे, हा माणूस बाजारात, शाळेत, कामावर, चारचौघांत भाग घेऊ शकतो का, हे पाहावयाचे. आम्ही संघटनेतले लोक हेच वेगळ्या शब्दांत विचारतो : या माणसाला आपल्या हक्काचे चार शब्द बोलता येतील का?

आता मी आपल्या वऱ्हाडाकडे येतो. परीक्षा म्हटली की मापदंड आला. आणि मापदंड कोणाचा, हा प्रश्न आला. शिंप्याने एकाच्या मापाचा सदरा दुसऱ्याला चढविला आणि तो बसला नाही, तर दोष अंगाचा की मापाचा?

आपल्या वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. आपण डोळ्याला डोया म्हणतो, शाळेला शाया म्हणतो, काळ्याला काया म्हणतो. ‘पाणी’चे ‘पानी’ होते. ‘मला, तुला’ऐवजी ‘मले, तुले’ म्हणतो. आता पुण्या-मुंबईच्या भाषेवर बेतलेला तक्ता घेऊन कोणी अकोल्याच्या खेड्यातल्या पोराची परीक्षा केली, तर काय निघेल? ‘ळ’ दोषयुक्त, ‘ण’ दोषयुक्त, व्याकरण कच्चे. कागदावर पोरगा आजारी ठरला. आणि त्याचा बाप, आजोबा आणि अख्खे गावही त्याच्याबरोबर आजारी ठरले! ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीच्या सातव्या खंडात, १९०५ साली, वऱ्हाडीची बोली म्हणून नमुन्यांसह नोंद झाली आहे. मराठीतला आद्य गद्यग्रंथ मानल्या जाणाऱ्या ‘लीळाचरित्रा’शी ज्या रिद्धपुराचे नाव जोडलेले आहे ते रिद्धपूर आपल्याच अमरावती जिल्ह्यात आहे. या भूमीची बोली हा रोग नव्हे.

पण येथेच दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर अभिमानाच्या भरात आपण मुलांचे अहित करू. एखादे पाच वर्षांचे मूल ‘काका’ला ‘ताता’ म्हणते, ‘गाय’ला ‘दाय’ म्हणते. हे वऱ्हाडीत नाही, कोकणीत नाही, कोठल्याच बोलीत नाही. जिभेचे मूळ करावयाचे काम तेथे टोक करीत आहे. त्याला ‘गावठी बोलतो, शाळेत जाऊन सुधारेल’ म्हणून सोडून देणे, हाही अन्यायच. मग ओळखावयाचे कसे? कसोटी सोपी आहे. मुलाची तुलना पुस्तकाशी करावयाची नाही. त्याच्या घराशी, त्याच्या गल्लीतल्या त्याच वयाच्या पोरांशी करावयाची. सारी गल्ली ‘शाया’ म्हणत असेल तर ती बोली. हे एकटेच वेगळे बोलत असेल तर तपासा.

इंग्रजीतून भाषांतर केलेल्या चाचण्यांचीही हीच गत होते. इंग्रजी पद्धतीत प्रत्येक वर्ण शब्दाच्या आरंभी, मध्ये आणि शेवटी तपासतात. मराठीत ‘ळ’ आणि ‘ण’ यांनी शब्दाचा आरंभच होत नाही. आपल्याकडे ‘च’ दोन आहेत, ‘चहा’तला वेगळा आणि ‘चमचा’तला वेगळा. ‘घ’, ‘ध’, ‘भ’ हे इंग्रजीत नाहीतच. म्हणजे तिकडच्या तक्त्यात ते तपासले जाणार नाहीत. आणि चित्रे? बर्फाच्या बाहुलीचे चित्र पाहून दर्यापूरचे पोर गप्प बसले तर त्याची भाषा गेली असे समजावयाचे काय? त्याला कापसाचे बोंड दाखवा, बैलबंडी दाखवा, भाकर दाखवा. मग पाहा तो किती बोलतो ते.

मेळघाटात हा प्रश्न आणखी तीव्र होतो. धारणी-चिखलदऱ्याकडचा कोरकू समाज जी भाषा बोलतो तिचा मराठीशी कुळाचाही संबंध नाही. ती मुंडा गटातली आहे. तेथले लेकरू मराठी शाळेत आले आणि चार महिने गप्प राहिले, तर ते मुके नव्हे. दोन भाषांच्या उंबरठ्यावर उभे असलेले मूल काही काळ ऐकत राहते. त्याची परीक्षा प्रथम कोरकूतच व्हावयास हवी, आणि त्यासाठी त्याच्या समाजातला माणूस तज्ज्ञाच्या शेजारी बसावयास हवा. खरा भाषादोष असेल तर तो मुलाच्या आपल्या घरच्या भाषेतही दिसतो. केवळ शाळेच्या भाषेत दिसणारी अडचण ही शिकवणीची अडचण आहे.

आता कामगारांविषयी. अकोल्याची सावतराम, बडनेऱ्याची विजय, अशा गिरण्यांचे भोंगे आता वाजत नाहीत. पण जिनांची घरघर चालूच आहे. अशा गोंगाटात वर्षानुवर्षे राबणाऱ्याचे कान हळूहळू जातात. तांबटांच्या बहिरेपणाची नोंद इटलीच्या रामाझ्झिनी या वैद्याने अठराव्या शतकाच्या आरंभीच केली होती. लँकेशायरच्या साचेखात्यांतल्या बाया तर ओठ वाचूनच एकमेकींशी बोलत. या बहिरेपणाची खोड अशी की तो पूर्ण बहिरेपणा नसतो. प्रथम उंच पट्टीचे आवाज जातात, चार हजार कंपनांच्या आसपासचे. स्वर ऐकू येतात; ‘स’, ‘श’, ‘त’ यांसारखी बारीक व्यंजने निसटतात. असा कामगार ‘साठ’ म्हटले तर ‘आठ’ ऐकतो. मजुरीच्या खिडकीवर हा फरक काय करतो, ते आपणच विचारात घ्या.

अशाच एका जिन कामगाराच्या भरपाईच्या अर्जावर चौकशी झाली तेव्हा मी हजर होतो. साहेबांनी शांत खोलीत त्याला मोठ्याने नाव घेऊन हाक मारली. त्याने ‘जी’ म्हटले. आणि साहेबांनी लिहिले, ‘ऐकू येते.’ ही परीक्षा नव्हे. श्रवणमापकावर प्रत्येक पट्टी वेगळी मोजल्याखेरीज हा दोष दिसत नाही. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात गोंगाटाने येणारा श्रवणदोष व्यवसायजन्य रोग म्हणून दाखल झाला होता, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तो घेतला गेला. कायद्यात शब्द आहे. पण मोजमाप झाले नाही तर तो शब्द कामगाराच्या पदरात पडत नाही.

पक्षाघाताने उजवे अंग लुळे पडून ज्यांची वाचा जाते त्यांचेही तेच. घरचे म्हणतात, ‘याला आता काही समजत नाही.’ मग त्याच्यादेखत त्याच्या शेतीचे आणि पैशाचे व्यवहार ठरतात. ‘डोळे मिटा’, ‘खिडकीकडे बोट दाखवा’ एवढी साधी आज्ञा देऊन पाहिली तरी पुष्कळदा कळते की माणूस आत जागा आहे. त्या पॅरिसच्या कारागिराने पंजा उघडला होता. आपल्या माणसालाही तो उघडण्याची संधी आपण देतो का?

२०११ च्या जनगणनेत वाचादोष असलेल्यांची संख्या देशात सुमारे २० लाख आणि श्रवणदोष असलेल्यांची सुमारे ५१ लाख नोंदली गेली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाचा व भाषा यांच्या दोषाला स्वतंत्र प्रकार म्हणून मान्यता दिली. मात्र तेथे व्याख्येत येते ते कंठछेदन, वाचाघात यांसारख्या कारणांनी आलेले कायमचे अपंगत्व. आणि आरक्षणासारख्या सवलतींसाठी ४० टक्क्यांची अट आहे. म्हणजे परीक्षकाच्या लेखणीतला एक आकडा माणसाचे भवितव्य ठरवितो. तंबाखू आणि खर्रा यांनी आपल्या भागात घशाचे आणि तोंडाचे जे नुकसान चालविले आहे ते पाहता, हा आकडा आपल्यापैकी कोणाच्याही घरी येऊ शकतो.

लहान मुलांसाठी २०१३ च्या फेब्रुवारीत पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाडी आणि शाळेत फिरती पथके येऊन मुले तपासतात. जन्मजात बहिरेपणा आणि भाषेचा उशीर त्यांच्या यादीत आहेत. आपल्याच जिल्ह्यात वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांचे घर उभे केले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्या गौरवाचा आनंद मानताना हेही ध्यानात घ्यावे की प्रत्येक मुलाची वेळेवर परीक्षा होणे हे एकट्या सत्पुरुषाचे काम नव्हे. ते समाजाचे आणि सरकारचे कर्तव्य आहे.

म्हणून माझे मागणे थोडके आहे. पथक गावात आले की मुलाला घरी ठेवू नका. मूल बोलत नसेल तर प्रथम कान तपासून घ्या. परीक्षकाने मुलाची बोली विचारली नाही, तर तुम्ही होऊन सांगा, ‘साहेब, आमच्याकडे असेच बोलतात.’ वऱ्हाडीची आणि कोरकूची चित्रे, शब्द आणि मापे आपल्याच शिक्षकांनी, आपल्याच महाविद्यालयांनी गोळा करावीत. हे काम दुसरे कोणी येऊन करणार नाही. आणि गावात कोणाला ‘तोतऱ्या’, ‘मुक्या’ म्हणून हाक मारण्याआधी त्याचे खरे नाव विचारा. ते सांगावयास त्याला वेळ लागेल. तेवढा वेळ थांबणे, ही वाचापरीक्षेची पहिली पायरी आहे, आणि ती चढावयास कोणत्याही पदवीची गरज नाही.